घोळण्याआडची गाठ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

उन्हाळा लागला की घरोघरी एखाद्या मुलाचा घोळणा फुटतोच. मग डोक्यावर गार पाण्याची धार, हुंगायला फोडलेला कांदा, नाकात दूर्वांचा रस, आणि 'उष्णता झाली' म्हणून चार दिवस आंबे बंद. बहुतेक मुलांचं एवढ्यावर भागतंही. कारण ते रक्त नाकाच्या अगदी पुढून, मधल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून येत असतं. नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरला तरी ते थांबतं. कांद्याला श्रेय जातं, जाऊ द्या.

पण या हजारो घोळण्यांच्या गर्दीत एखादाच असा निघतो, की ज्याचं रक्त पुढून येत नाही. ते येतं पार मागून, नाक संपून घसा सुरू होतो त्या पडजिभेच्या वरच्या कोपऱ्यातून. तिथं एक गाठ वाढत असते. मिसरूड फुटण्याच्या वयातला मुलगा असतो. मुलगाच, मुलगी जवळजवळ कधीच नाही. एक नाकपुडी हळूहळू चोंदत जाते. दुखत काहीच नाही. आवाज गेंगाणा होतो, रात्री तोंड उघडं टाकून झोपावं लागतं, आणि अधूनमधून उशी लाल होते. वैद्यकात या गाठीचं नाव लांबलचक आहे, 'जुव्हेनाइल नेझोफॅरिन्जियल अँजिओफायब्रोमा'. आम्ही डॉक्टर मंडळी नुसतं अँजिओफायब्रोमा म्हणून मोकळे होतो. रक्तवाहिन्या आणि तंतू यांची मिळून झालेली गाठ, एवढाच त्याचा अर्थ.

गाठ दुर्मीळ आहे. डोकं आणि मान यांच्या सगळ्या गाठी मोजल्या तर हिचा वाटा अर्धा टक्काही भरत नाही. मात्र युरोप-अमेरिकेपेक्षा भारत, इजिप्त आणि आसपासच्या देशांत ती जास्त दिसते असं जाणकार बऱ्याच वर्षांपासून सांगत आले आहेत. ती कर्करोगाची नाही. अंगात दुसरीकडे कुठे पसरत नाही. म्हणून पुस्तकात तिला 'निरुपद्रवी' म्हणतात. कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून आयुष्य काढल्यावर मला हा शब्द काही पटत नाही. नाकाच्या मागच्या टोकाला, बाजूच्या भिंतीत एक छिद्र असतं. तिथून नाकाची मुख्य रोहिणी आत येते. त्या छिद्रापाशी ही गाठ जन्म घेते आणि वाट मिळेल तिकडे सरकते. गालामागे, डोळ्याच्या खोबणीत, कवटीच्या तळातून मेंदूच्या दारापर्यंत. वाटेतलं हाड ती दाबून दाबून झिजवते.

खरी मेख आहे तिच्या रक्तवाहिन्यांत. आपल्या रोहिणीला स्नायूंचं अस्तर असतं. रोहिणी कापली गेली की हे स्नायू आकसतात, तोंड आवळलं जातं आणि रक्त थांबायला मदत होते. या गाठीतल्या कितीतरी वाहिन्यांना हे अस्तरच नसतं. पेशींचा एक पातळ थर, आणि भोवती घट्ट तंतू. भिंतीत चिणलेल्या नळासारख्या त्या उघड्याच राहतात. आता हिशेब करा. चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पावणेतीन लिटरच्या आसपास. अशा मुलाच्या नाकातली गाठ नुसती खरवडली गेली, तरी त्या पावणेतीन लिटरला गळती लागते.

म्हणून या रोगाचा इतिहास मला दोन प्रश्नांभोवती फिरताना दिसतो. तिथवर पोचायचं कसं, आणि पोचल्यावर रक्त आवरायचं कसं? यात विचित्र गोष्ट अशी, की वैद्यकानं त्या कोपऱ्यात हात घातला आधी, आणि डोळ्यांनी पाहिलं मागाहून.

हात घालण्याची परंपरा थेट ग्रीकांपर्यंत जाते. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत नाकातल्या मांसाच्या गोळ्यांचे प्रकार सांगितले आहेत आणि उपायही दिले आहेत. त्यातला एक ऐकूनच अंगावर काटा येतो. स्पंजाचा तुकडा मापात कापायचा, त्याला दोरे बांधायचे, दोरे नाकातून आत सरकवून तोंडातून बाहेर काढायचे आणि ओढायचं. स्पंजाबरोबर गोळाही निघून येईल ही अपेक्षा. कठीण गोळ्यासाठी नाक उभं चिरण्याचाही सल्ला आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे एकतीस रोग मोजले आहेत, आणि त्यात नाकातलं अर्श आहे, अर्बुदही आहे. त्यातलंच एखादं हे अँजिओफायब्रोमा, असं म्हणण्याचा मोह होतो. मला ते सांगवत नाही. रोग्याचं वय आणि लिंग कळल्याशिवाय या गाठीची ओळख पटत नाही, आणि जुन्या वैद्यांना त्या दृष्टीनं पाहण्याचं कारणच नव्हतं.

नोंदीचा इतिहास सुरू होतो १८४१ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात. तिथं रॉबर्ट लिस्टन या स्कॉटिश शल्यविशारदानं केलेली शस्त्रक्रिया ही या गाठीची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया म्हणून सांगितली जाते. लिस्टनची ख्याती होती ती वेगासाठी. पाय कापण्याचं त्याचं काम मिनिटांत मोजलं जाई. हा वेग काही मिरवण्यासाठी नव्हता. १८४१ मध्ये भूल नव्हती. रोगी जागा असे, त्याला माणसं धरून ठेवत, आणि जितकी मिनिटं वाचतील तितकी यातना कमी. पाय कापताना निदान पट्टा आवळून रक्त रोखता येतं. नाकाच्या मागे पट्टा आवळणार कुठे? आणि तिथलं रक्त सरळ घशात उतरतं. ओरडणारा माणूस श्वास घेणार, म्हणजे रक्त श्वासनळीत जाणार. हे सगळं समोर असताना हातात सुरी धरणाऱ्या माणसाच्या छातीला काय म्हणावं, मला शब्द सापडत नाही. याच लिस्टननं २१ डिसेंबर १८४६ रोजी, त्याच इस्पितळात, ईथर देऊन एका रोग्याचा पाय कापला. तेव्हापासून भूल इंग्लंडात रुजली. पुढच्याच वर्षी तो वारला.

भूल आल्यावर घाईचं कारण उरलं नाही, आणि शल्यविशारदांची नजर वाटेकडे वळली. नाकपुडीतून मागं जाणारी वाट अरुंद. तोंडातून जावं तर टाळू आडवा. उरला वरचा जबडा. बर्लिनचा बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यानं १८५९ मध्ये नाकामागच्या अशा गोळ्यांसाठी वेगळीच युक्ती मांडली. वरच्या जबड्याचं हाड कापायचं, पण काढून टाकायचं नाही. मांसाशी असलेला सांधा राखून ते दाराच्या फळीसारखं बाजूला उघडायचं, मागचा गोळा काढायचा, आणि दार परत लावायचं. १८६७ मध्ये बॉस्टनच्या डेव्हिड चीव्हरनं वरच्या जबड्याची एक बाजू अशीच कापून खाली झुकवली. त्याच्या रोग्याची तक्रार कोणती, तर चोंदलेलं नाक आणि पुन्हा पुन्हा येणारं रक्त.

जाता जाता सांगतो, आज दात पुढे आलेल्या किंवा जबडा मागे गेलेल्या मुलामुलींचे चेहरे सुधारण्यासाठी वरचा जबडा ज्या रेषेत कापतात, तिला 'ल फोर्ट एक' म्हणतात. फ्रेंच डॉक्टर रने ल फोर्ट यानं मृतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कुठे मोडतात ते पाहिलं आणि १९०१ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यावरून हे नाव पडलं. पण ती रेषा त्याच्या चाळीस वर्षं आधी या गाठीच्या मागावर निघालेल्यांनी चालून पाहिली होती.

आता डोळ्यांकडे वळू. १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाला स्वतःचे स्वरतंतू पाहायची इच्छा झाली. दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडून, त्यानं ते पाहिले. तो काही डॉक्टर नव्हता. पुढच्या वर्षी त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ही हकिगत मांडली. मग योहान चेर्माक या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकानं तोच आरसा वर वळवला, पडजिभेच्या मागून. जिवंत माणसाच्या नाकाची मागची दारं पहिल्यांदा दिसली. हा आरसा मी उभी हयात वापरला. स्पिरिटच्या दिव्यावर किंचित गरम करायचा, नाहीतर श्वासाची वाफ धरते. मुलाला 'नाकानं श्वास घे' म्हणायचं, आणि त्याला उमासा यायच्या आत, दोन-तीन सेकंदांत, गुळगुळीत लालसर गोळा दिसतो का ते पाहायचं.

नाव मिळायला मात्र फार उशीर लागला. चेलियस या जर्मन लेखकानं १८४७ मध्ये लिहिलं की नाकातला हा कठीण, तंतुमय गोळा वयात येण्याच्या सुमारास होतो. १८६५ मध्ये लेगूए या फ्रेंच डॉक्टरनं तरुण मुलग्यांशी त्याचा संबंध जोडला. शोव्हो यानं १९०६ मध्ये नावात 'जुव्हेनाइल' आणलं, आणि फ्रीडबर्गनं १९४० मध्ये 'अँजिओफायब्रोमा' म्हटलं. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर शंभर वर्षांनी गाठीच्या नावात रक्तवाहिन्या आल्या.

मुलग्यांनाच का, हा प्रश्न मात्र कुणाला सोडवत नव्हता. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलातल्या मार्टिन, एर्लिक आणि एबल्स यांनी या रोगाकडे संप्रेरकांच्या अंगानं पाहिलं. पुढे काही ठिकाणी शस्त्रक्रियेआधी मुलांना स्त्रीसंप्रेरक देऊन पाहिलं गेलं. रक्तस्राव कमी होईल, गाठ आक्रसेल ही आशा. फायदा खात्रीचा नव्हता, तोटा उघड होता. पंधरा वर्षांच्या मुलाची छाती वाढू लागली तर त्याच्या मनाचं काय होईल? तो उपाय मागे पडला. विचार मात्र पुरता मेला नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये फ्लुटामाइड या पुरुषसंप्रेरकाला अडवणाऱ्या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. वयात आलेल्या बहुतेक मुलांत गाठ थोडी लहान झाली. थोडीच, पण डोळ्याच्या नसेला टेकलेल्या गाठीच्या बाबतीत थोडीही मोलाची ठरते.

याच कोड्यातून एक घातक समजूतही निघाली. वय वाढलं की गाठ आपोआप जिरते, म्हणून पंचविशीपर्यंत वाट पाहावी, ही ती समजूत. काही गाठी वयानुसार आक्रसतात हे खरं आहे. पण मधल्या दहा वर्षांत तो मुलगा रक्तानं किती रिकामा होईल आणि गाठ कुठवर पोचेल, हे त्यात धरलेलं नसे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे चेहरे पाहूनच मला ही वाट पाहण्याची भाषा नकोशी झाली. ओठ पांढरे, नखं पांढरी, जिना चढला तरी धाप. आई सांगायची, 'उष्णता आहे हो त्याला लहानपणापासनं.'

मी १९७०च्या दशकात शिकत होतो. तेव्हा आमच्याकडे सीटी स्कॅन नव्हता. एक्स-रेच्या डब्यावर बाजूनं काढलेला फोटो लावायचा आणि गालाच्या पोकळीची मागची भिंत पाहायची. ती धनुष्यासारखी पुढे वाकलेली असेल, तर मागून कुणीतरी ढकलतंय असं समजायचं. होल्मन आणि मिलर यांनी १९६५ मध्ये सांगितलेली ही खूण आजही विद्यार्थ्यांना शिकवतात. मग शस्त्रक्रियेची तारीख, आणि तारखेआधी रक्ताची जुळवाजुळव. चार बाटल्या तयार असल्याशिवाय सर सुरीला हात लावत नसत. गावाहून आलेला बाप, चुलता, मामा रांगेत उभे राहत. रक्त दिलं की कायमचा अशक्तपणा येतो, या भीतीनं एखादा निम्म्यातूनच निघून जाई. ते कमी पडलं तर पैसे घेऊन रक्त देणारे लोक इस्पितळाबाहेर असतच. ती प्रथा कायद्यानं बंद झाली १९९८ मध्ये. टाळू चिरून किंवा नाकाच्या कडेनं गालापर्यंत छेद घेऊन गाठ सुटी करायची, आणि ती निघेपर्यंत थांबायचं नाही. अर्ध्यात थांबणं हाच सर्वांत मोठा धोका. मोजायच्या बाटलीत शोषलेलं रक्त चढताना भूल देणारे डॉक्टर मोठ्यानं आकडे सांगत. ते आकडे ऐकू येऊ नयेत असं वाटे.

एक मुलगा आमच्याकडे नाकात कापसाची लांब पट्टी कोंबलेल्या अवस्थेत रात्री आला होता. तालुक्याच्या गावी कुणीतरी मांस दिसलं म्हणून तपासणीसाठी चिमट्यानं तुकडा काढला होता. इतर बहुतेक गाठींत हे शहाणपणाचंच असतं; आधी तुकडा तपासा, मग उपचार ठरवा. इथं मात्र बाह्यरुग्ण विभागात बसून तुकडा काढायचा नाही, हा पहिला धडा. मुलगा वाचला. त्याच्या वडिलांनी जीपवाल्याला दिलेली घड्याळाची किंमत मात्र परत आली नाही.

या रक्ताला तोड निघाली ती गाठीपर्यंत न जाताच. लिस्बनच्या एगास मोनिझनं १९२७ मध्ये मानेच्या रोहिणीत रंगद्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं एक्स-रे चित्र घेतलं होतं. त्याच पद्धतीनं या गाठीची वाहिनी न वाहिनी दिसू लागली. आणि जी वाहिनी दिसते, ती बुजवताही येते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी वर नेऊन, गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत बारीक कण सोडून ती बंद करू लागले. याला एम्बोलायझेशन म्हणतात. त्यानंतर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया. कण चुकून भलत्या फांदीत गेले तर दृष्टी जाऊ शकते, पक्षाघातही होऊ शकतो, म्हणून हे काम निष्णात माणसाचंच. पण ते नीट झालं की लाल, सळसळती गाठ फिकट पडते. पहिल्यांदा ती तशी पाहिली तेव्हा माझा विश्वास बसेना.

दरम्यान किरणोपचारही करून झाले. कॅनडात टोरोंटोच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये ५५ रोग्यांचा अनुभव मांडला. सुमारे ८० टक्क्यांत गाठ आटोक्यात आली होती. पण वाढत्या वयाच्या मुलाच्या चेहऱ्यावर किरण टाकायचे, म्हणजे पुढं मोतीबिंदू, खुंटलेली हाडं आणि क्वचित खरा कर्करोग. आता तो मार्ग शस्त्रक्रियेला दाद न देणाऱ्या गाठींपुरता राहिला आहे.

शेवटी वाट सापडली ती कुठे, तर नाकपुडीतच. हॅरल्ड हॉपकिन्स या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं काचेच्या कांड्या वापरून दुर्बिणीचं भिंग नव्यानं रचलं, जर्मनीच्या कार्ल श्टोर्झनं १९६०च्या दशकात त्याची उपकरणं बनवली, आणि ऑस्ट्रियात ग्राझच्या मेसरक्लिंगरनं ती नाकात घालून नाकाचा आतला नकाशा नव्यानं मांडला. १९९६ मध्ये कैरोच्या रेडा कामेल यांनी दुर्बिणीतून, चेहऱ्यावर एकही छेद न घेता ही गाठ काढल्याचं प्रसिद्ध केलं. जिथं हा रोग जास्त दिसतो त्या देशातून हे यावं, याचा मला आनंद वाटतो. आज दोन शल्यविशारद दोन्ही नाकपुड्यांतून चार हातांनी काम करतात, आणि मुलगा काही दिवसांत घरी जातो. मेंदूपर्यंत गेलेल्या मोठ्या गाठींना अजूनही कधीकधी बाहेरून छेद घ्यावा लागतो.

तरी गाठ परत येते. का येते याचं चांगलं उत्तर २००१ मध्ये लंडनच्या हॉवर्ड, लॉइड आणि लुंड यांनी दिलं. गाठीचं एक बोट कवटीच्या तळाच्या स्फिनॉइड हाडात, त्याच्या जाळीदार गाभ्यात शिरलेलं असतं. वरून गाठ निघाली तरी हे बोट मागे राहतं. तेव्हापासून गाठ काढून झाल्यावर ते हाड ड्रिलनं घासून साफ करतात. त्याच वर्षी या गाठीच्या पेशींत बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात बदल सापडले, आणि आतड्यात शेकडो गोळे होणाऱ्या एका आनुवंशिक रोगाशी तिचं नातं १९९३ मध्येच दाखवलं गेलं होतं, त्याला पुष्टी मिळाली. काही जर्मन संशोधकांना तर ही गाठ नसून, गर्भात तयार होऊन विरून जायला हवी होती अशा एका रोहिणीचा उरलेला अवशेष वाटतो. तो अवशेष सगळं बालपण गप्प राहतो आणि मुलगा वयात येताना जागा होतो. तसं असेल तर १९४० मध्ये मिळालेलं नावही बदलावं लागेल.

शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला पुढची काही वर्षं ठरावीक अंतरानं एमआरआयसाठी बोलावतात. पहिल्या वर्षी आईवडील सोबत येतात, नंतर मित्र, आणि मग तो एकटाच येतो. मिशा आलेल्या असतात, आवाज फुटलेला असतो. फिल्म दिव्यावर लावली की तो स्वतःच बोट ठेवून विचारतो, 'डॉक्टर, इथं काही नाही ना?'